अज्ञात इसम आणि बी विंगचा व्हॉल्व्ह

प्रज्ञेश मेश्राम यांनी आयुष्यात कधी सिग्नल तोडला नव्हता, सही-शिक्का नसलेला कागद पुढे सरकवला नव्हता आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह झाल्याशिवाय दुसरी जिलबी घेतली नव्हती. असा माणूस मे महिन्यात, भर दुपारी अडीच वाजता, तोंडाला काळं फडकं बांधून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर कंबरेवर हात ठेवून उभा होता. का, ते सांगतो. मधे मधे बोलू मात्र नका, मला तारीखवार सांगायची सवय आहे.

मेश्राम एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क. हात चित्रकलेचा. ऑफिसात कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या कार्डावर मेश्रामांनी त्या माणसाचा चेहरा काढायचा आणि त्या माणसाने "नाक जरा मोठं झालंय हो" म्हणायचं, असा पंचवीस वर्षांचा रिवाज होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या मनाने घेतलं, की निवृत्तांची नाकं आता बास झाली. आपलं स्वतःचं काहीतरी काढायचं. म्हणजे काय, तर कॉमिकची मालिका. तोंड झाकून अन्यायाचा बंदोबस्त करणाऱ्या एका एकाकी माणसाची. सहा अंक. सातवा नाही. ज्या कामाला शेवटची तारीख नसते त्याचं काय होतं, हे आवक-जावकवाल्याला कुणी सांगावं लागत नाही.

नायकाचं नाव त्यांनी पंचनाम्यांतून उचललं: 'अज्ञात इसम'. दिवसा कारकून, एरवी न्यायाचा रखवालदार. उडणं नाही, जादू नाही, विजेचा झटका नाही. "सगळं वास्तववादी. पुण्यात उद्या सकाळी घडेल असं," मेश्राम म्हणाले. हे वाक्य त्यांनी बायकोसमोर म्हटलं, आणि तिथेच घात झाला. कारण आम्रपालीताई शाळेत गणित शिकवायच्या, आणि चूक दिसली की त्यांच्या हातातलं लाल पेन आपोआप उघडायचं.

"हा रात्री कशाला बाहेर पडतो?" त्यांनी पहिल्या अंकाच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"म्हणजे? कुणी पाहू नये म्हणून."

"धायरीत? अहो, साडेअकराला आयटीवाल्यांच्या गाड्या येतात. बाराला पोरं गेटवर वाढदिवसाचे केक कापतात. एकला कुत्री. तीनला टँकर. आपल्या गावात माणसाला गुपचूप काही करायचं असेल तर ते दुपारी दोन ते चार. तेव्हा घरात शिरून फ्रीज उचलून नेला तरी लोक कूस बदलून म्हणतील, जाताना दार ओढून घ्या."

मेश्रामांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी तीन अंकांतली रात्र पुसली आणि जिकडेतिकडे ऊन काढलं. मग नायकाचा चामड्याचा मुखवटा गेला, कारण उन्हात घामोळं येईल; त्या जागी सुती फडकं आलं. त्याची काळी मोटरसायकल गेली, कारण "ती लावतो कुठे?" या प्रश्नाला मालिकेत उत्तर नव्हतं. अशा रीतीने चौथ्या अंकापर्यंत अज्ञात इसम पीएमटीच्या बसने अन्यायाचा पाठलाग करू लागला. एका ठिकाणी तर अन्याय पुढच्या स्टॉपवर उतरून गेला आणि हा सुट्ट्या पैशांवरून अडला. आम्रपालीताई म्हणाल्या, "आता जमतंय."

चौथा अंक म्हणजे मालिकेचा कणा. त्याचं नाव 'टाकीवरची झुंज'. उन्हाळ्यात धायरीत खलनायक शोधायला लांब जावं लागत नाही. नळ उघडला की तो फुस्स आवाज करून स्वतःची ओळख करून देतो. मेश्रामांच्या आकाशगंगा सोसायटीत तर गंमतच होती. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर शॉवर चालायचा, आणि ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे मेश्रामांकडे, बादली लावून एक अख्खा पेपर वाचून व्हायचा, संपादकीयासकट. असं का, याचं उत्तर सोसायटीचे चेअरमन दत्तप्रसाद इनामदार नेहमी द्यायचे. ते निवृत्त इंजिनियर. राहायला बी विंगमध्ये. उत्तर एकच असायचं: "गुरुत्वाकर्षण." पुढे कुणी विचारायचं नाही.

तर चौथा अंक घेऊन मेश्राम शनिवार पेठेत आमोद जोगळेकरांच्या छापखान्यात गेले. जोगळेकर लग्नपत्रिका छापायचे. त्यांनी पानं उलटली. मेश्राम उभेच होते, कारण बसा म्हणायची तिथे पद्धत नव्हती.

"चित्रं बरी आहेत," जोगळेकर म्हणाले. शनिवार पेठेत याच्यावर कौतुक नाही, हे मेश्रामांना ठाऊक होतं, त्यामुळे ते मनातून फुलले. "पण हा टाकीवर उभा राहिलाय तो बसस्टॉपवर उभा राहिल्यासारखा का?"

"म्हणजे?"

"तुम्ही कधी टाकीवर चढलायत?"

"नाही."

"तेच. चढून या, मग छापू. आमच्याकडे घोड्यावरचा नवरदेवसुद्धा घोड्यावरच बसलेला असतो." आणि त्यांनी पानं परत दिली.

आता यात रागावण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण मेश्राम घरी येईपर्यंत धुमसत होते. सरकारी माणसाला नकार चालतो. शेरा चालत नाही. टाकीवर चढायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मात्र हे सोसायटीत कुणाला कळता कामा नये. मेश्राम सोसायटीचे मानद सेक्रेटरी होते. सेक्रेटरी कॉमिक काढतो हे बाहेर फुटलं असतं, तर गाड्या रेषेत लावा या नोटिशीकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. म्हणून त्यांनी इनामदारांना आडवळणाने विचारलं. इनामदार पार्किंगमध्ये स्वतःची स्कूटर खोलून बसले होते, हातात त्यांचा सुप्रसिद्ध लाल मुठीचा पाना. मुठीवर पांढऱ्या रंगात द. इ. अशी अक्षरं. "पाना आणि टूथब्रश मी कुणाला देत नाही," हे त्यांचं वाक्य सोसायटीत लहान मुलांनाही पाठ होतं.

"साहेब, समजा," मेश्राम म्हणाले, "समजा हं, एखाद्या माणसाला आपल्या टाकीवर चढायचं असेल, तर?"

इनामदारांचा पाना थांबला. "कशाला चढेल?"

"समजा म्हटलं."

"नाही चढता येणार. शिडीची तिसरी पायरी निखळलेली आहे. ए विंगच्या गच्चीला कुलूप. किल्ल्या दोन, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. आणि खाली सोनबा बसलेला असतो." मग जरा वेळाने, "कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"छे छे," मेश्राम म्हणाले, आणि तिसरी पायरी हे शब्द मनात टिपून घेऊन निघाले.

सोनबा म्हणजे सोसायटीचा वॉचमन. वय अठ्ठावन्न, राहणार लोणी काळभोर, रोज दोन बस बदलून यायचा. ए विंगच्या जिन्याच्या तोंडाशी एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची, तिचा डावा हात मोडलेला आणि सुतळीने बांधलेला. तिथून जिन्याच्या मधल्या पोकळीतून थेट गच्चीच्या दारापर्यंत दिसायचं. त्या खुर्चीत बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. नवीन खुर्ची मिळावी म्हणून त्याने आठ महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन दिला होता. मेश्रामांनी तो रीतसर आवक करून घेतला होता आणि त्यावर शेरा मारला होता: 'मोडलेल्या भागाचे छायाचित्र जोडलेले नाही. तीन दुकानांची दरपत्रके मागवावीत.' सोनबा अधूनमधून विचारायचा, "सायेब, आपल्या खुर्चीचं?" मेश्राम म्हणायचे, "प्रोसेसमध्ये आहे." आणि खरोखरच ती प्रोसेसमध्ये होती.

रविवार उजाडला. सकाळी मेश्राम दांपत्याने नेहमीप्रमाणे हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे वंदना केली, पंचशील म्हटलं. दुपारी वरण-भात झाला. दोन वाजता पुणं आडवं झालं. अडीचला मेश्राम उठले, आम्रपालीताईंच्या जुन्या काळ्या ओढणीचा तुकडा बगलेत मारला आणि गच्चीवर गेले.

तिसरी पायरी त्यांनी सांभाळली. चौथी निखळलेली निघाली. इनामदार इंजिनियर असूनही मोजताना खालून धरतात की वरून, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. गुडघा सोलवटला, पण मेश्राम टाकीवर पोचले. मोबाईल समोरच्या कठड्यावर दोन विटांमध्ये उभा केला, दहा सेकंदांचं टायमर लावलं, धावत येऊन उभे राहिले. पहिल्या फोटोत फक्त गुडघे. दुसऱ्यात गुडघे. तिसऱ्यात एक कावळा, बराच वास्तववादी. असे अकरा झाले. बाराव्या वेळी मेश्रामांनी तोंड बांधलं, छाती काढली, एक पाय बी विंगच्या व्हॉल्व्हवर ठेवला आणि सिंहगडाकडे अशा काही नजरेने पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःची जरा भीती वाटली.

आणि बरोब्बर त्याच वेळी समोरच्या बी विंगच्या गच्चीवर त्याच विंगमधल्या वासंतीताई कुरडया उलटायला आल्या.

कुरडया दुपारीच उलटाव्या लागतात. आम्रपालीताईंच्या गणितात ही बाब सुटली होती.

वासंतीताईंनी किंकाळी फोडली ती अशी, की दोन ते चारमध्ये झोपणारं पुणं दोन वाजून बावन्न मिनिटांनी जागं झालं. मेश्राम टाकीवरून कसे उतरले ते त्यांनाही आठवत नाही. चौथी पायरी नव्हती हे त्यांना उतरून झाल्यावर आठवलं. मोबाईल उचलला, फडकं तोंडावर तसंच, एक चप्पल टाकीमागे राहिली. धाडधाड जिना उतरून घरात शिरले आणि दार लावून घेतलं. दोन मिनिटांत बेल वाजली, पाठोपाठ इनामदारांचा आवाज.

"मेश्राम! अहो मेश्राम! तुम्ही सेक्रेटरी आहात ना? झोपलात काय? टाकीवर तोंड बांधलेला माणूस आहे!"

मग काय करता? फडकं वॉशिंग मशीनमध्ये टाकून, दुसऱ्या चपला घालून मेश्राम स्वतःला शोधायला निघाले. पुढे वासंतीताई लाटणं घेऊन, मागे इनामदार टॉर्च घेऊन, उन्हात. टाकीमागे चप्पल सापडली. इनामदारांनी ती रुमालात धरून पिशवीत ठेवली.

"परवाच मेश्राम मला विचारत होते," इनामदार सगळ्यांना म्हणाले, "की साहेब, कुणी टाकीवर चढलं तर? याला म्हणतात दूरदृष्टी." सगळ्यांनी मेश्रामांकडे आदराने पाहिलं. मेश्रामांनी मान खाली घातली, तेव्हा विनयाने घातली असं लोकांना वाटलं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर त्या माणसाचं वर्णन आलं. उंची सहा फूट. खांदे रुंद. शरीर पिळदार. वासंतीताईंनी तर 'वाघासारखी नजर' असंही लिहिलं. पाच फूट चार इंचांच्या मेश्रामांनी ते संडासात बसून तीनदा वाचलं. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. आम्रपालीताईंना त्यांनी रात्री जेवताना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि मग हसता हसता थांबून म्हणाल्या, "पण नोटीस तुम्हालाच काढावी लागेल ना हो? त्यात काय लिहाल?"

मेश्रामांनी लिहिलं: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की रविवार रोजी दुपारी एक अज्ञात इसम टाकीवर आढळून आला आहे.' सरकारी भाषेत दुसरा शब्दच नाही. आपल्या कॉमिकचं नाव सोसायटीच्या फळ्यावर झळकलंय, हे पाहून त्यांचा जीव एकाच वेळी सुखावला आणि घाबरला.

सोमवारी इनामदारांनी त्यांना पोलीस चौकीत नेलं. हवालदार भले होते, पण कामात होते.

"काय चोरीला गेलं?"

"काही नाही."

"कुणाला मारलं?"

"नाही."

"मग तक्रार कसली?"

"तोंड बांधलं होतं," इनामदार ठासून म्हणाले.

हवालदारांनी खिडकीबाहेर हात केला. बाहेर सिंहगड रोडच्या बाजूने दुचाक्यांचा लोंढा चालला होता. बायका, मुली, पुरुष, झाडून सगळ्यांची तोंडं रुमालाने, स्कार्फने गच्च बांधलेली, फक्त डोळे दिसताहेत. "यातला कोणता?" हवालदार म्हणाले. "अर्ज देऊन ठेवा. अक्षर कुणाचं चांगलं आहे?"

अक्षर मेश्रामांचं चांगलं होतं. त्यांनी स्वतःविरुद्धचा अर्ज तीन प्रतींत लिहिला, एकीवर पोच घेतली आणि सवयीने ती फाईलला लावली.

इथपर्यंत गंमत होती. पण दोन गोष्टी घडल्या आणि गंमत संपली.

पहिली गोष्ट पाण्याची. मंगळवारी सकाळी मेश्रामांच्या नळाला पाणी आलं. धार नव्हे, लोट. बुधवारीही आलं. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर शॉवर सुरू झाला आणि आम्रपालीताईंनी बाथरूममधून ओरडून सांगितलं, "अहो, गुरुत्वाकर्षण दुरुस्त झालं!" मेश्रामांना काही उमजेना. गुरुवारी ते चित्रासाठी बारावा फोटो मोठा करून बघायला बसले. छाती, नजर, पाय. पायाखाली बी विंगचा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा. शेजारी ए विंगचा व्हॉल्व्ह, जवळजवळ बंद. आणि त्याला अडकवलेला एक पाना. लाल मुठीचा. मुठीवर पांढरी अक्षरं.

म्हणजे चेअरमन साहेब रोज दुपारी वर जाऊन गुरुत्वाकर्षण फिरवत होते, आणि तोंड बांधलेला माणूस नेमका व्हॉल्व्हपाशीच दिसल्यावर त्यांनी गुपचूप दोन्ही व्हॉल्व्ह सारखे करून ठेवले होते. मेश्रामांना आधी राग आला, मग हसू आलं. मग लक्षात आलं की हा पुरावा दाखवायचा, तर फोटोत उभं कोण आहे तेही सांगावं लागेल. त्यांनी फोटो बंद केला.

दुसरी गोष्ट शुक्रवारी झाली. इनामदारांनी रविवारच्या तातडीच्या सभेचा विषय लिहून पाठवला: 'सुरक्षारक्षक सोनबा यांच्या ढिलाईमुळे अज्ञात इसम आत शिरला. सबब त्यांना कामावरून कमी करणे.'

मेश्रामांनी कागद टेबलावर ठेवला. ते खाली गेले. सोनबा मोडक्या हाताच्या खुर्चीवर बसून डब्यातली भाकरी खात होता. त्याने उठून सलाम केला.

"सोनबा, सभेचं कळलं का?"

"कळलं सायेब."

"तू काय सांगणार आहेस?"

"काय सांगायचं? मी हितंच व्हतो. कुनी बाहेरचा गेला न्हाई." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "आता ह्या वयात दुसरीकडं कोन ठेवनार हाय. बघू."

तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. मेश्रामांना त्या रात्री झोप आली नाही. त्यांनी शनिवारी सरकारी उपाय करून पाहिला: विषय उपसमितीकडे सोपवावा, तीन महिन्यांत अहवाल यावा. इनामदारांनी फोनवर ते एका वाक्यात उडवून लावलं, "नको मेश्राम, तुमच्याकडे खुर्चीला आठ महिने लागतात."

रविवारी सकाळी वंदनेला बसले. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, ते अडले. आम्रपालीताईंनी एकटीने पुढे म्हटलं. कपाटातून त्यांनी ते काळं फडकं काढलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं, चार घड्या घातलेलं, आणि टेबलावर ठेवलं.

"न्यायचं असेल तर न्या," म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

सभा अकराला पार्किंगमध्ये भरली. कोरम नसल्याने ती रीतसर तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तेच लोक घेऊन त्याच जागी पुन्हा भरली. सोनबा खांबापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. इनामदारांनी ठराव वाचला. "सूचक मी. अनुमोदन?"

"थांबा," मेश्राम उभे राहिले. "तो माणूस मी होतो."

वासंतीताई हसायलाच लागल्या. "काहीतरीच काय मेश्राम!"

"खरंच मीच होतो."

"अहो, तो सहा फूट होता!"

"मी टाकीवर उभा होतो. टाकीची उंची धरली तुम्ही."

"सोनबाला वाचवायला स्वतःवर घेताय," इनामदार कनवाळूपणे म्हणाले. "मोठेपणा आहे तुमचा. पण असं बघा, तुम्ही ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलंत तर माफीचं पत्र लिहिता. तुम्ही टाकीवर?"

सगळे माना डोलवू लागले. मेश्रामांनी चिडून खिशातून फडकं काढलं आणि तोंडाला बांधलं. वासंतीताईंनी डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवलं आणि निकाल दिला, "नाही हो. त्याचे खांदे रुंद होते."

आता सांगा, माणसाने गुन्हा कबूल करावा आणि लोकांनी त्याला नालायक ठरवून तो नाकारावा, याहून मोठा अपमान कोणता? मेश्रामांनी पिशवीत हात घालून कॉमिकचे चार अंक काढले, सभेच्या टेबलावर आपटले. जे लपवण्यासाठी एवढा उपद्व्याप केला ते 'अज्ञात इसम' सोळा बिऱ्हाडांपुढे उघडं पडलं. "हे मी काढतो. हे काढायला मी वर गेलो. आणि हा फोटो." त्यांनी मोबाईल वासंतीताईंच्या हातात दिला.

वासंतीताईंनी फोटो पाहिला. मेश्रामांकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. "अगंबाई, नजर तीच," त्या पुटपुटल्या. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आणि त्यांचा आवाज बदलला. "इनामदार साहेब, तुमचा पाना तुम्ही कुणाला देत नाही ना?"

"पाना आणि टूथब्रश," इनामदार सवयीने सुरू झाले आणि मधेच थांबले.

मोबाईल हातोहात फिरला. ए विंगची माणसं फोटो बघत होती आणि मग इनामदारांकडे बघत होती. कुणी आरडाओरडा केला नाही. फक्त ए विंगच्या तळमजल्यावरून एक आवाज आला, "गुरुत्वाकर्षण का?" तेवढंच.

"मी तपासणी करत होतो," इनामदार म्हणाले. "दाब समान आहे का, याची."

"अख्खा उन्हाळा?"

इनामदारांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. मग, बायको बसली होती त्या खुर्चीकडे बघत, "हिच्या गुडघ्यांना बादली उचलवत नाही," एवढं म्हणाले. ते खरं होतं, सगळ्यांना माहीत होतं. "मग सांगायचं होतं, आम्ही वर आणून दिली असती," वासंतीताई म्हणाल्या, आणि विषय तिथे मिटला.

"पण सोनबा," कुणीतरी म्हणालं, "तू जिन्यापाशीच होतास ना? तुला काहीच दिसलं नाही?"

सोनबाने टोपी डोक्यावर ठेवली. "दिसलं की. अडीचला सायेब वर गेलं. पावनेतीनच्या पुढं धावत खाली आलं. तोंड बांधल्यालं, एका पायात चप्पल."

मेश्राम त्याच्याकडे वळले. "तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस? तुझी नोकरी जात होती रे!"

"तुमीच फळ्यावर लिवलं ना, अज्ञात इसम म्हनून," सोनबा शांतपणे म्हणाला. "म्हनलं, सायबांचं काय खाजगी असंल. आपन कशाला वळख सांगा."

मेश्रामांचे डोळे भरून आले, आणि फडकं अजून गळ्यातच होतं म्हणून त्यानेच पुसले.

सभा संपता संपता ए विंगने एक सूचना मांडली, की मेश्रामांनी दर रविवारी दुपारी तोंड बांधून अर्धा तास टाकीवर उभं राहावं, पाणी छान येतंय. मेश्रामांनी ती नाकारली. मालिका सहा अंकांचीच आहे, म्हणाले.

चौथा अंक जोगळेकरांनी छापला. "आता चढलाय," एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी बसा म्हणाले. पाचवा झाला. सहाव्या, शेवटच्या अंकाचं शेवटचं चित्र मेश्रामांनी चार दिवस घालवून काढलं. भर दुपारी अज्ञात इसम जिना उतरून येतो आहे, तोंड बांधलेलं, एका पायात चप्पल. खाली खुर्चीवर एक वॉचमन बसलेला आहे. त्याने या माणसाला पूर्ण ओळखलेलं आहे, आणि तो मान वळवून रस्त्याकडे बघतो आहे. खाली एक अक्षर नाही.

पान छापायला देण्याआधी ते त्यांनी सोनबाला दाखवायला नेलं. त्याने ते हातात धरून लांब केलं, जवळ घेतलं. बराच वेळ बघितलं.

"झ्याक हाय," म्हणाला. "माझी टोपी पन बरुबर हाय." मग जरा चाचरत, "फकस्त एक चुकलंय सायेब. खुर्चीचा डावा हात मोडल्याला हाय. तुमी धड काढलाय."

मेश्रामांनी पाहिलं. खरंच धड काढला होता. अंक वास्तववादी होता. सहाही अंकांत एवढी एकच गोष्ट पुण्यात होती तशी नव्हती. ते पान घेऊन वर गेले, टेबलावर बसले, खोडरबर हातात घेतलं. मग ते परत ठेवून दिलं.

चित्र त्यांनी बदललं नाही. उठले, फाईलमधून सोनबाचा तो अर्ज काढला, त्यावरचा शेरा खोडला आणि बसने सिंहगड रोडला गेले. तासाभराने ते परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक निळी खुर्ची उलटी होती. दरपत्रक एकही नव्हतं.